डॅफोडिलला नुसती पानंच येतात, फूल येत नाही: किनाऱ्यावरच्या कुंडीतलं दुखणं आणि उपाय

पानं हिरवीगार, लसणीच्या पातीसारखी, वीतभर वाढलेली. फुलाचा पत्ता नाही. मार्चमध्ये पानं पिवळी पडतात, पावसात कंद कुजतो आणि पुढच्या भाद्रपदात आपण पुन्हा नवे कंद मागवतो. रत्नागिरीजवळच्या आमच्या परसात मी हे तीन वर्षं केलं. चौथ्या वर्षी सहापैकी पाच कुंड्या फुलल्या. किनाऱ्यावरच्या ज्यांनी ज्यांनी हे कंद आणले त्या सगळ्यांची तक्रार शब्दशः हीच असते, म्हणून काय काय चुकलं ते सविस्तर लिहिते.

मी बोलते आहे ते छोट्या डॅफोडिलबद्दल, मुख्यतः ‘तेत-आ-तेत’ या जातीबद्दल. पाकिटावर तिचं नाव ‘टेट-ए-टेट’ असंही असतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये अ‍ॅलेक ग्रे यांनी १९४० च्या दशकात ही बुटकी जात पुढे आणली. एका दांड्यावर बहुतेक वेळा दोन पिवळी फुलं डोक्याला डोकं लावून येतात, म्हणून हे फ्रेंच नाव. उंची १५ ते २० सेंमी. मोठे डॅफोडिल दीड फुटापर्यंत जातात आणि फोटोत फार देखणे दिसतात, पण कोकणात त्यांच्या नादी लागू नये. कारण सरळ आहे: थंडी मिळावी म्हणून कुंडीच फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि ती तिथे मावली पाहिजे.

फूल नेमकं कुठे अडलं?

‘फूल आलं नाही’ या एका तक्रारीत चार वेगवेगळी दुखणी असतात. पान उघडून खाली बुडाशी काय दिसतं ते बघितल्याशिवाय औषध ठरवू नका.

दांडा अजिबात दिसत नसेल तर एक कंद बळी द्या. उपटा, धुवा आणि शेंड्यापासून तळापर्यंत उभा चिरा. पानांच्या पोटात, अगदी तळाजवळ, तपकिरी सुकलेलं काही चिमुकलं दिसलं तर कळी होती आणि ती आत मेली, म्हणजे थंडीत किंवा साठवणीत चूक झाली. काहीच दिसलं नाही तर कंदच लहान होता, किंवा गेल्या वर्षी पानं लवकर कापल्यामुळे उपाशी राहिला होता. विकत घेतानाच शिंप्याची फीत गुंडाळून घेर मोजावा. छोट्या जातीत तो १० ते १२ सेंमी हवा, म्हणजे चांगल्या लसणीच्या गड्ड्याएवढा. दाबल्यावर टणक लागला पाहिजे. बियांच्या पाकिटांना तर भुलूच नका. डॅफोडिल बियांपासून फुलायला चार-पाच वर्षं सहज घेतो, आणि फोटोतलं निळं डॅफोडिल जगात कुठेच नाही.

दुसरं दुखणं: कळी वर येते, पण कागदासारखी सुकते. हात लावला की कुरकुर वाजते. याला कारणं तीन. थंडी कमी पडली, फ्रीजमध्ये शेजारी फळं होती, किंवा बाहेर काढल्यावर एकदम ऊन लागलं नाहीतर माती कोरडी पडली.

तिसरं मला सगळ्यात जास्त चुटपूट लावून गेलं. फूल उमलतं, पण मातीला टेकून, पानांच्या बुडाशी, लपून बसल्यासारखं. दांडा लांबलेलाच नसतो. हे मात्र निव्वळ थंडी कमी पडल्याचं लक्षण, दुसरं काही शोधू नका.

चौथं म्हणजे पानं फिकट पडणं आणि ओढली की अलगद हातात येणं. कंदाचा तळ दाबून बघा. मऊ आणि चॉकलेटी रंगाचा झाला असेल तर ती फ्युजेरियम बुरशी, आणि ती गरम ओल्या मातीत जोर करते. असा कंद वाचत नाही. खतखड्ड्यात न टाकता जाळून टाका आणि त्या कुंडीतली माती डॅफोडिलसाठी पुन्हा वापरू नका.

खताचं नाव मी अजून घेतलेलं नाही, कारण खत कमी पडलं म्हणून पहिल्या वर्षी फूल आलं नाही असं जवळपास कधी होत नाही. कंद आपली शिदोरी घेऊन आलेला असतो.

थंडीचा हिशेब

कोकणात थंडी आणि फूल यांचं नातं कुणाला समजावून सांगायला नको. डिसेंबरात गारठा पडला नाही तर हापूसच्या कलमाला मोहोराऐवजी पालवी फुटते आणि बागायतदार आभाळाकडे बघत बसतो. डॅफोडिलचं दुखणं त्याच घरचं, पण एक फरक आहे आणि तो ध्यानात घेतला की पुढचं सगळं सुटतं. आंब्याला थंडी लागते ती मोहोर धरण्यासाठी. डॅफोडिलची कळी मात्र आधीच्या उन्हाळ्यात, पानं वाळत असतानाच्या सुमाराला, कंदाच्या पोटात तयार होऊ लागते. दुकानातून आपण आणतो तो चांगला कंद गर्भारच असतो. थंडी हवी असते ती मुळं नीट सुटायला आणि दांडा लांबून कळी बाहेर यायला. म्हणूनच अर्धवट थंडी मिळाली की फूल मातीजवळच उमलतं.

किती थंडी? ९ अंश सेल्सिअसच्या खाली सलग १२ ते १५ आठवडे. आमच्याकडे ऐन जानेवारीतही रात्रीचं तापमान साधारण १८-१९ अंशांच्या आसपास रेंगाळतं. दापोली उंचावर असल्यामुळे तिथे एखाद्या रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि पेपरात बातमी येते, पण एका रात्रीने काय व्हायचं? याला शंभर रात्री लागतात.

पहिल्या वर्षी मी कंद सरळ कुंडीत लावून ‘थंडी येईलच’ म्हणत बसले. मग एकाने सुचवलं, कुंडीत रोज बर्फाचे खडे टाका. टाकले. अर्ध्या तासात पाणी होतं, माती गार होण्याऐवजी चिखल होतो आणि कंद कुजतो. आंबेवाल्या एका शेजाऱ्यांनी तर कल्टार घालायला सांगितलं. मोहोरासाठी कलमाच्या बुंध्याशी देतात ते, पॅक्लोब्युट्राझॉल. ते झाडाची वाढ आखडतं. डॅफोडिलचा दांडा आधीच आखडलेला असताना त्याला ते देणं म्हणजे लंगड्याच्या पायात बेडी.

थोडक्यात, किनाऱ्यावर थंडी फ्रीजमध्येच आहे.

कंद नव्हे, कुंडी फ्रीजमध्ये ठेवा

दुसऱ्या वर्षी मी कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवले. बऱ्याच ठिकाणी असंच सांगतात. ट्यूलिपला ते चालून जातं, पण तीन महिने कोरडे पडलेले छोटे डॅफोडिल सुरकुततात, आणि नंतर आपल्या अठ्ठावीस-तीस अंशांच्या मातीत त्यांना मुळं सोडायला लावणं हा छळ आहे. गरम ओली माती आणि मुळं नसलेला कंद म्हणजे बुरशीला आमंत्रणच. शिवाय माझ्या पिशवीशेजारी चिकू होते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो आतली कळी मारतो. चिकू, केळी, सफरचंद, पपई, सगळी त्यातच. त्या वर्षी माझ्या बाराच्या बारा कळ्या कागद झाल्या.

म्हणून कंद आधी कुंडीत लावायचे आणि कुंडीच फ्रीजमध्ये ठेवायची. १० ते १२ सेंमी तोंडाच्या प्लास्टिकच्या कुंडीत तीन ते पाच छोटे कंद बसतात. एकमेकांना चिकटू न देता, शेंडा जेमतेम मातीखाली जाईल असे लावा. एकदा पाणी घाला, निथळू द्या, भोकं पाडलेल्या पिशवीत कुंडी घाला आणि ठेवा. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली हवी. दर पंधरा दिवसांनी बोट लावून बघायचं, कोरडी वाटली तर दोन-तीन चमचे पाणी. वर पांढरी बुरशी दिसली तर पुसून टाका आणि पिशवीला चार भोकं आणखी पाडा.

जागा खालची, भाजीच्या कप्प्याजवळची. दारात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. मागच्या भिंतीला तर टेकवूच नका. चौथ्या वर्षी माझी सहावी कुंडी गेली ती तिथेच, गार हवेच्या भोकासमोर गोठून. पेल्यात पाणी घेऊन त्यात साधं तापमापक रात्रभर त्या जागी ठेवा. ४ ते ९ अंशांच्या मध्ये काटा आला की झालं. वीज काही तास गेली तर बिघडत नाही. वादळात दोन-तीन दिवस गेली तर तेवढे दिवस शेवटी वाढवून घ्या. अंधाराची काळजी नको, या काळात उजेडाची गरजच नसते.

कुंडी तयार झाली हे दोन गोष्टींवरून कळतं. खालच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावतात आणि वर तीन-चार सेंमीचे फिकट पिवळे कोंब येतात. मुळं दिसत नसतील तर बारा आठवडे झाले म्हणून घाई करू नका.

फळं कुठे ठेवायची हा प्रश्न आमच्या घरी बराच गाजला. शेवटी तोडगा निघाला तो असा: त्या तीन महिन्यांत फळं फ्रीजबाहेर, टोपलीत. मासे खालच्या कप्प्यात नाहीत, फ्रीझरमध्ये. नवऱ्याच्या मते फुलापेक्षा बांगडा महत्त्वाचा, आणि त्यात चूक काही नाही.

कांद्याचा घोळ

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. डॅफोडिलचा कंद हुबेहूब लहान कांद्यासारखा दिसतो. दुसऱ्या वर्षी ती पिशवी उघडून सासूबाई विळीवर बसल्या होत्या. पहिला चिरला आणि म्हणाल्या, “अगो, हे कसले कांदे गो, डोळ्यांत पाणीच येईना!” त्या एका वाक्याने आमची दुपार वाचली. डॅफोडिलच्या कंदाला कांद्याचा वास नसतो. त्यात लायकोरीन नावाचं विष असतं, पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटदुखी. फोडणीत परतून ते जाईल अशा भरवशावर राहू नका. इंग्लंडमध्ये २०१५ साली तिथल्या आरोग्य खात्याने दुकानदारांना डॅफोडिल भाजी-फळांपासून लांब मांडायला सांगितलं होतं ते याच कारणाने.

कंद कुंडीतच फ्रीजमध्ये ठेवले की हा धोका बराच कमी होतो. तरी पिशवीवर मराठीत ठळक लिहा: विषारी, फुलाचे कंद. कुणी खाल्लाच तर उरलेला कंद बरोबर घेऊन थेट डॉक्टरांकडे. चिकाने हाताला खाजही सुटते, सुरण चिरताना सुटते तशी, तेव्हा हातमोजे घाला. या विषाचा एक फायदा मात्र आहे. घुशी, उंदीर, साळिंदर या कंदाला तोंड लावत नाहीत. वानरं उपटून फेकतात, पण ती कुणालाच सोडत नाहीत.

कधी ठेवायचं, कधी काढायचं

उलटा हिशेब करा. फूल यायला हवं जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर आपल्याकडे उकाडा सुरू होतो आणि फूल दोन दिवसांत मान टाकतं. १५ सप्टेंबरला कुंडी आत गेली तर १५ आठवडे २९ डिसेंबरला भरतात. १५ ऑक्टोबरला गेली तर १३ आठवडे बरोब्बर संक्रांतीला. माझ्याकडे बाहेर काढल्यापासून तीन आठवड्यांच्या आत फुलं उमलली.

तिसऱ्या वर्षी मला कंद मिळाले नोव्हेंबरच्या शेवटी, स्वस्तात. बारा आठवडे भरले फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. कोंब जोमदार होते, मुळं उत्तम होती, आणि मार्चच्या उन्हात सगळं चार दिवसांत लोळलं. तेव्हा नोव्हेंबरात ‘सवलतीत’ मिळणारे कंद कोकणासाठी घेऊ नका. ती सवलत आपल्या उपयोगाची नाही.

फ्रीजमधून काढल्यावरचे आठ दिवस

कुंडी थेट उन्हात ठेवली तर तीन महिन्यांची मेहनत एका दुपारी जाते. पहिले तीन-चार दिवस पडवीत, सावलीत. कोंब हिरवे झाले की सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, मग परत आत. रात्री मात्र बाहेर, खळ्यात, जिथे जमिनीकडून येणारा गार मतलई वारा लागेल. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा हवा, नाहीतर पानांची टोकं करपतात. माती या काळात एकदाही कोरडी पडता कामा नये, पण ताटलीत पाणी साचूनही चालत नाही. पानं लांबून आडवी पडत असतील तर उजेड कमी आणि घर गरम आहे, जागा बदला.

थंड देशांत हे फूल दोन-तीन आठवडे टिकतं. आपल्याकडे आठवडाभर टिकलं तरी मी खूश असते. दिवसा कुंडी माजघरात, जमिनीवर ठेवली तर एखाद-दोन दिवस जास्त मिळतात. जमीन शेणाने सारवलेली असेल तर उत्तमच, फरशीपेक्षा ती गार लागते. फुलं तोडून फुलदाणीत ठेवायची असतील तर पहिल्या दिवशी वेगळी ठेवा, कारण दांड्यातून गळणारा चीक बरोबरच्या दुसऱ्या फुलांना लवकर मारतो.

माती

याबद्दल फार लिहायला नको. जांभ्याची माती जरा आंबट असते, तेवढी यांना चालते. दोन भाग माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग चांगला कुजलेला पालापाचोळा. चुलीतली चिमूटभर राख घातली तर हरकत नाही. ताजं शेण अजिबात नको, त्याने तळ कुजतो. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, फ्रीजमध्ये ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. आणि पुळणीवरची वाळू तर कधीच नको. ती बघायला स्वच्छ दिसते, पण मीठ घेऊन येते.

फ्रीज द्यायचा नसेल तर

डॅफोडिलच्या कुळात एक गट असा आहे ज्याला ही थंडी लागत नाही: टॅझेटा गट. उत्तरेत ज्याला नर्गिस म्हणतात ते फूल याच गटातलं. बाजारात मिळणारं ‘पेपरव्हाइट’ही त्यातलंच. एका दांड्यावर पांढऱ्या फुलांचा घोस, वास इतका उग्र की काहींचं डोकं दुखतं. मला आवडतो. डिसेंबरच्या सुरुवातीला लावले तर चार ते सहा आठवड्यांत फुलतात. पसरट भांड्यात धुतलेले गोटे घालून, कंदाच्या फक्त तळाला पाणी लागेल असे ठेवले तरी चालतात.

यांची तक्रार वेगळी: दांडे वाढून वाढून आडवे पडतात, आणि आपल्या उबेत तर जास्तच. त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने एक इलाज शोधला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पाण्यात थोडी दारू घालायची! गोट्यांतल्या कंदाला मुळं सुटून कोंब तीन-चार सेंमी झाला की साधं पाणी ओतून टाकायचं आणि चार-पाच टक्के अल्कोहोल होईल असं पाणी घालायचं. बाटलीवर ४० टक्के लिहिलं असेल तर एक भाग दारूला सात भाग पाणी. झाड एक तृतीयांश ते निम्म्याने बुटकं राहतं, फुलं तेवढीच येतात. बिअर, वाइन चालत नाही, त्यातली साखर मुळांना बाधते. प्रमाण वाढवलं तर झाड मरतं. आमच्याकडे यासाठी लागणाऱ्या वाटीभर दारूचा हिशेब मला घरात तीनदा द्यावा लागला.

पुढच्या वर्षी तेच कंद?

खरं सांगायचं तर तेत-आ-तेत कोकणात एका हंगामाचं झाड समजा. फूल गेल्यावर सुकलेलं बोंड खुडून, पानं हिरवी ठेवून, पातळ खत देत सहा आठवडे जगवलं तर कंद पुन्हा भरतो, हे थंड देशांत खरं. आपल्याकडे मार्चची उष्णता पानांना सहा आठवडे मिळूच देत नाही. राखलेल्या कंदांतून पुढच्या हंगामात मला सहा कंदांमागे एक फूल मिळालं, तेही मरतुकडं.

पेपरव्हाइट मात्र मातीत वाढवले असतील तर राखून बघावेत. पानं आपोआप वाळू द्या, कापू नका, पातीची वेणी घालू नका. मृग लागायच्या आत कंद उकरून काढा. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात जमिनीत राहिलेला कंद दसऱ्याला शिल्लक सापडत नाही. माती झटकून, सावलीत आठ दिवस सुकवून, जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगा. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगतात तशाच, पण कांद्याच्या माळांपासून चांगलं दहा हात दूर.

रिकाम्या झालेल्या कुंड्यांत जूनमध्ये मी रेन लिलीचे कंद लावते. ती डॅफोडिलच्याच कुळातली, उंचीही तेवढीच, पिवळ्या रंगातही मिळते. तिला थंडी नको, हिशेब नको. पावसाची एक चांगली सर येऊन गेली की चार-पाच दिवसांत फुलते. सासूबाईंना तीच जास्त आवडते, आणि फ्रीजमध्ये चिकू ठेवायला मिळतात म्हणून नवऱ्यालाही.